ब्रीद, बोध आणि घोष : ‘मोटो’ या शब्दाच्या निमित्ताने

इंग्रजीतील ‘मोटो’ या शब्दाला मराठीत प्रतिशब्द कोणता द्यावा, हा प्रश्न वरवर पाहता अगदी किरकोळ वाटतो. ब्रीदवाक्य, बोधवाक्य, ध्येयवाक्य, घोषवाक्य असे चार शब्द आपल्याकडे आज सारख्याच सहजतेने वापरले जातात. शाळेच्या बोधचिन्हाखाली जे वाक्य असते त्याला एकजण ध्येयवाक्य म्हणतो, दुसरा ब्रीदवाक्य म्हणतो, आणि दोघांनाही आपण एकच गोष्ट सांगत आहो याविषयी शंका येत नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू असा की, हे चार शब्द एकाच अर्थाचे नाहीत, आणि त्यांतील ‘ब्रीद’ या शब्दात जो अर्थ आहे तो युरोपीय ‘मोटो’मध्येही पुरतेपणी आढळत नाही, हे दाखवावे. शब्दांची सरमिसळ झाली म्हणजे केवळ कोशकाराची गैरसोय होते असे नव्हे; शब्दामागील विचारही पुसट होतो. ब्रीदाच्या बाबतीत नेमके तेच घडत आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम ‘मोटो’ या शब्दाची कुळकथा पाहू. इंग्रजीने हा शब्द सोळाव्या शतकाच्या अखेरीस इटालियन भाषेतून उचलला. इटालियन ‘मोत्तो’ आणि फ्रेंच ‘मो’ ही दोन्ही एकाच उत्तरकालीन लॅटिन शब्दाची अपत्ये होत. तो शब्द ‘मुत्तुम्’; आणि त्यामागील क्रियापद ‘मुत्तीरे’, म्हणजे पुटपुटणे, तोंडातल्या तोंडात ‘म्‌’ असा आवाज करणे. प्लाउटुसच्या प्रहसनांत हे क्रियापद आढळते. आज ज्या शब्दाने राजघराण्यांची आणि विद्यापीठांची गंभीर वचने ओळखली जातात, त्याचे मूळ अशा रीतीने एका अस्फुट हुंकारात आहे.

हुंकारापासून शब्दापर्यंतचा हा प्रवास कसा झाला असेल हे मराठी वाचकाला समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. ‘त्याने चकार शब्द काढला नाही’, ‘तो हूं की चूं करीना’ असे आपण म्हणतो. ‘चूं’ हा काही शब्द नव्हे. पण नकाराच्या वाक्यात तो ‘लहानात लहान शब्द’ या अर्थाने उभा राहतो. लॅटिनमध्येही ‘मुत्तुम्’ प्रथम अशाच नकारात्मक प्रयोगात दिसतो. ‘एक मुत्तुमही उच्चारण्याची छाती नाही’ अशा धर्तीच्या प्रयोगातून पुढे ‘मुत्तुम्’ म्हणजेच ‘शब्द’ असा अर्थ पक्का झाला. फ्रेंचमध्ये ‘मो’ हा शब्द या अर्थाने सर्वसामान्य झाला. इटालियनमध्ये मात्र ‘मोत्तो’ला एक वेगळी धार आली. बोकाच्चोच्या ‘डेकामेरॉन’मधील सहाव्या दिवसाच्या साऱ्या कथा हजरजबाबी ‘मोत्तीं’च्या आहेत. कोणी टोचले असता चटकन दिलेले, थोडक्यात आणि वर्मी लागणारे उत्तर, तो मोत्तो. कास्तिल्योनेने १५२८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या दरबारी मनुष्याविषयीच्या ग्रंथात अशा विनोदी वचनांची दीर्घ चर्चा केली आहे. म्हणजे मोत्तो हा प्रथम ध्येयाचा नव्हे, तर चातुर्याचा शब्द होता. आपल्याकडील ‘सुभाषित’ आणि ‘कोटी’ यांच्या मध्ये कोठेतरी त्याची जागा होती, असे म्हणावयास हरकत नाही.

या चतुर वचनाचे चिन्हाशी लग्न लागले ते पंधराव्या-सोळाव्या शतकांत. त्या काळी इटलीतील सरदार ‘इंप्रेझा’ नावाचे वैयक्तिक चिन्ह धारण करीत. त्यात एक चित्र असे आणि त्याखाली किंवा भोवती दोनतीन शब्द. पाओलो जोव्हिओ याचा या विषयावरील संवाद त्याच्या मृत्यूनंतर १५५५ साली रोम येथे छापला गेला. त्यात त्याने उत्तम इंप्रेझाच्या पाच अटी सांगितल्या आहेत. चित्र हा देह आणि वचन हा आत्मा, व या दोहोंत योग्य प्रमाण असावे. अर्थ इतका गूढ नसावा की तो लावण्यास ज्योतिषीण आणावी लागेल, आणि इतका उघडही नसावा की कोणाही सामान्य माणसाला कळेल. ते दिसण्यात सुंदर असावे. त्यात मनुष्याकृती नसावी. आणि पाचवी अट अशी की, वचन शक्यतो धारण करणाराच्या स्वतःच्या भाषेत नसावे. म्हणजे आशय किंचित झाकलेला राहील.

या अटींपैकी दुसरी आणि पाचवी यांकडे वाचकाने विशेष लक्ष द्यावे, कारण आमच्या प्रतिपादनाचा पुढील भाग त्यांवरच उभा आहे. जोव्हिओचा मोत्तो हा निवडक लोकांसाठी आहे. तो अंगावर मिरवावयाचा आहे, पण सर्वांना कळावयाचा नाही. जो ओळखील तो आपल्या बरोबरीचा, ही त्यातील खूण. दरबारी संस्कृतीचे हे अपत्य त्या संस्कृतीचे शील घेऊनच जन्माला आले.

फ्रेंच भाषेने या अर्थी ‘मो’ न वापरता ‘दव्हीज’ हा शब्द ठेवला. त्याचे मूळ लॅटिनमधील ‘विभागणे’ या अर्थाच्या धातूत आहे. ढालीवरील विभाग, त्यावरून वेगळे ओळखू येण्याची खूण, आणि शेवटी त्या खुणेसोबतचे वचन, असा त्याचा अर्थक्रम दिसतो. तोच शब्द इटालियनमध्ये ‘दिव्हीझा’ होऊन गणवेषाचा वाचक झाला. जर्मनमध्ये त्याचे एकवचन ब्रीदाचे आणि अनेकवचन परकीय चलनाचे वाचक आहे. इंग्रजीतही आरंभी एकवाक्यता नव्हती. १६०९ साली छापल्या गेलेल्या ‘पेरिक्लीज’ नाटकात सरदारांच्या ढाली दाखविण्याचा जो प्रवेश आहे, त्यात एकाच गोष्टीला कधी नुसते ‘शब्द’ असे इंग्रजी नाव दिले आहे, तर कधी ‘मोटो’. जुना देशी शब्द आणि नवा परका शब्द एकाच रंगभूमीवर शेजारी उभे असलेले येथे पाहावयास मिळतात. पुढे देशी शब्द मागे पडला. इंग्लंडच्या कुलचिन्हशास्त्रात मोटो हा चिन्हाच्या सनदेचा आवश्यक भाग मानला जात नाही. धारण करणारा तो इच्छेनुसार बदलू शकतो. स्कॉटलंडमध्ये मात्र तो सनदेचाच भाग समजला जातो. एकीकडे वचन हे अलंकार, तर दुसरीकडे ते नोंदलेले बंधन. ही दोन टोके ध्यानात ठेवावी.

इतर भाषांनी या वस्तूला दिलेली नावे पाहिली असता प्रत्येक भाषेने तिची वेगळी बाजू धरली आहे असे दिसते. जर्मन ‘वाल्‌श्प्रुख’ म्हणजे निवडलेले वचन. तेथे भर निवडीवर आहे. वेल्श आणि हंगेरियन भाषांतील शब्दांचा सरळ अर्थ अनुक्रमे खुणेचा शब्द आणि खुणेचे वाक्य असा होतो. स्पॅनिश ‘लेमा’ हा ग्रीकमधून आला. त्याचा मूळ अर्थ ‘घेतलेले’, गृहीत धरलेले. मार्शलच्या लॅटिन सूक्तिकाव्यात तो शीर्षकाच्या अर्थाने येतो. चिनी आणि जपानी भाषांत या अर्थी जो शब्दसमूह आहे त्याचा अर्थ ‘आसनाच्या उजवीकडील लेख’ असा होतो. उत्तर हान काळातील त्स्वे युआन याचा या नावाचा लेख प्रसिद्ध आहे. हे वचन दुसऱ्याला दाखवावयाचे नाही. बसल्या जागी आपले आपण वाचावयाचे आहे. अरबी ‘शिआर’ याच्या अगदी उलट आणि तरीही याच्या जवळचा आहे. त्याचा एक अर्थ अंगालगतचे वस्त्र, आणि दुसरा अर्थ रणांगणात आपला माणूस ओळखू यावा म्हणून दिलेली आरोळी. इंग्रजीतील ‘स्लोगन’ हा शब्दही स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतील ‘सैन्य’ आणि ‘हाक’ या दोन शब्दांपासून झालेला आहे. आज जाहिरातीत वावरणारा हा शब्द मूळचा रणघोष होय.

येथे एक सूचना विद्यार्थ्यांसाठी करणे इष्ट वाटते. जपानी भाषेत ‘मोत्तो’ असा एक शब्द आहे आणि त्याचा अर्थ ‘अधिक’ असा आहे. त्याचा इटालियन मोत्तोशी काडीचाही संबंध नाही. ध्वनिसाम्य हा व्युत्पत्तीचा पुरावा होत नाही, हे सूत्र पाठ असूनही आपण ते विसरतो. ‘ब्रीद’ हा शब्द संस्कृत ‘ब्रू’, म्हणजे बोलणे, या धातूशी जोडण्याचा मोह असाच आहे. अर्थ जुळतो, ध्वनी जुळतो. पण इतिहास जुळत नाही.

तो इतिहास असा. ब्रीद हे ‘बिरुद’ या शब्दाचे मराठीत आवळले गेलेले रूप आहे. संस्कृतात तो बिरुद आणि विरुद अशा दोन्ही रूपांनी आढळतो. कन्नड-तेलुगूंत बिरुदु म्हणून तो अद्याप चालतो. जुन्या हिंदीत तो ‘बिरद’ होतो. कोरीव लेखांच्या अभ्यासकांना बिरुदांचा परिचय करून देण्याचे कारण नाही. चालुक्य सहाव्या विक्रमादित्याचे ‘त्रिभुवनमल्ल’ हे बिरुद सर्वश्रुत आहे. शिलाहारांचे उदाहरण अधिक बोधक आहे. कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करीत असताही ते स्वतःला तगर नगरीचे, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेरचे, अधीश्वर म्हणवीत. आणि सुवर्णगरुडध्वज हेही त्यांचे बिरुद होते. म्हणजे बिरुदात कुळाचे मूळ, ध्वजावरील चिन्ह आणि पराक्रमाचा दावा ही तिन्ही एकत्र आली आहेत. जोव्हिओचा देह आणि आत्मा येथे वेगळे झालेलेच नाहीत. पुढे विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त गद्यपद्यमय राजस्तुतीला विरुद अशी संज्ञा दिली, आणि भाटांच्या तोंडची बिरुदावली हा एक काव्यप्रकारच झाला.

या अवस्थेपर्यंत बिरुद आणि मोटो यांत फारसे अंतर नाही. दोन्ही दरबारी, दोन्ही मिरवावयाची. अंतर पडते ते मराठीत, आणि ते पाडले संतांनी.

जुन्या मराठी काव्यात ‘ब्रीदाचा तोडर’ वारंवार येतो. तोडर हे पायातले भूषण. वीर आपल्या प्रतिज्ञेची खूण म्हणून ते पायात बांधी. या कल्पनेचे मर्म असे की, ब्रीद ही केवळ दिसणारी वस्तू राहत नाही, चालताना वाजणारी वस्तू होते. पाऊल मागे घेतले तरी ते वाजणार, आणि ऐकणाऱ्याला कळणार. संतांनी हा तोडर राजाच्या पायातून काढून विठ्ठलाच्या पायात बांधला. ‘पतितपावन’, ‘दीनानाथ’, ‘अनाथांचा कैवारी’ ही देवाची बिरुदे ठरली. पण राजाच्या बिरुदावलीत आणि या बिरुदांत एक मूलभूत फरक आहे. भाट राजाची बिरुदे उच्चारतो ती राजाला संतोष व्हावा म्हणून. नामदेव आणि तुकाराम देवाची ब्रीदे उच्चारतात ती त्याला अडविण्यासाठी. तू हे नाव धारण केले आहेस, मी पतित दाराशी उभा आहे. आता एकतर मला तार, नाहीतर नाव टाकून दे, असा हा हिशेब आहे. स्तुतीचा शब्द येथे तगाद्याचा शब्द झाला. धारण करणाराच्या हातातून ब्रीद निसटले आणि ज्याला त्याची गरज होती त्याच्या हाती गेले. सूरदासाच्या विनयपदांतही ‘बिरद’ याच अर्थाने आलेला आहे. परंतु मराठीत हा अर्थ बोलीच्या अंगी इतका मुरला की आज ‘ब्रीदाला जागणे’ म्हणताना आपल्याला ना राजा आठवतो, ना देव. हा वाक्प्रचारच पुरेसा साक्षी आहे. माणूस मिठाला जागतो, उपकाराला जागतो, आणि ब्रीदाला जागतो. म्हणजे ब्रीद हे ऋण आहे.

यावरून आरंभीच्या चार शब्दांची विभागणी करता येते. बोधवाक्य हे ऐकणाराला काही शिकविते. त्याचा सांगणारा बंधनात नसतो. ध्येयवाक्य पुढे कधीतरी गाठावयाचे स्थान दाखविते. ते आज गाठले नाही म्हणून कोणी जाब विचारीत नाही. घोषवाक्य समूहाला एकत्र करते. त्याचे सामर्थ्य अर्थापेक्षा आवाजात असते, आणि त्याचे नाते शिआर व स्लोगन यांच्याशी आहे. ब्रीदवाक्य मात्र धारण करणाराने स्वतःविषयी दिलेला, आजच लागू असलेला आणि दुसऱ्याने वसूल करता येण्याजोगा शब्द होय. गुजरातीत या अर्थी ‘मुद्रालेख’ हा शब्द आहे, पण मुद्रेचे कार्य निराळे. शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेतील संस्कृत श्लोक त्या मुद्रेविषयीच बोलतो. ती लोककल्याणासाठी शोभते असे तो सांगतो. मुद्रा पत्राला प्रामाण्य देते. त्या श्लोकात ब्रीदाचा अंश आहे, परंतु तेवढ्यावरून प्रत्येक मुद्रा ब्रीद ठरत नाही. ग्रंथाच्या किंवा प्रकरणाच्या शिरोभागी जे उद्धृत वचन असते त्यालाही युरोपात मोटो म्हणतात. त्याला मराठीत ब्रीद म्हणणे तर सर्वस्वी गैर होय. शीर्षवचन म्हटले की काम भागते.

आता ही कसोटी काही प्रत्यक्ष वचनांना लावून पाहू. ‘जेथे धर्म तेथे जय’ या अर्थाचे महाभारतातील वचन मुंबई महानगरपालिकेने आणि भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही स्वीकारले आहे. महाभारतात ते अनेक ठिकाणी येते. पण त्याचा सर्वांत हृदयस्पर्शी प्रसंग स्त्रीपर्वातला. युद्धाच्या अठराही दिवसांत दुर्योधन आईकडे जयाचा आशीर्वाद मागत असे, आणि गांधारी त्याला एवढेच उत्तर देई. म्हणजे हे वचन तिच्या तोंडी आशीर्वाद नव्हे, आशीर्वादाला दिलेला नकार आहे. पुढे शंभर पुत्र गमावलेली गांधारी पांडवांना शाप द्यावयास निघते, तेव्हा व्यास तिला तिच्याच या शब्दांची आठवण करून देतात, आणि ती आवरते. संत देवाशी जे करतात तेच येथे व्यास गांधारीशी करतात. वचन हे ब्रीद केव्हा होते याचे याहून स्वच्छ उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. न्यायालयाने हे वचन घेतले ते योग्यच झाले. परंतु त्यामागील प्रसंग विसरला गेला तर ते विजेत्याचे वचन होऊन बसण्याचा धोका आहे. मुळात ते पराभूताच्या आईने स्वतःवर ओढवून घेतलेले आहे.

दुसरे उदाहरण भारतीय आयुर्विमा महामंडळाचे. १९५६ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे वचन गीतेच्या नवव्या अध्यायातील २२ व्या श्लोकाच्या अखेरच्या चरणातून घेतलेले आहे. योगक्षेम मी वाहतो, असे भगवंताचे ते आश्वासन. अनन्यभक्तीच्या जागी येथे नियमित हप्ता आला, असे कोणी विनोदाने म्हणेल. पण व्याकरणदृष्ट्या हे अस्सल ब्रीद आहे. त्यात प्रथमपुरुष आहे, वर्तमानकाळ आहे, आणि वसूल करणारा विमेदारही आहे. तिसरे उदाहरण राज्य परिवहनाचे. पुष्कळांच्या हितासाठी, पुष्कळांच्या सुखासाठी, हे शब्द मूळचे बुद्धाच्या उपदेशातले; आकाशवाणीनेही ते घेतले आहेत. विनयपिटकात ते भिक्षूंना उद्देशून येतात, आणि आदेश आहे तो चारिकेला निघण्याचा, गावोगाव फिरण्याचा. १ जून १९४८ पासून गावोगाव फिरणाऱ्या गाडीला याहून चपखल वचन मिळणे कठीण होते.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. शब्दाचा अर्थ व्युत्पत्तीने नव्हे, प्रयोगाने ठरतो. आणि आज ब्रीदवाक्य म्हणजे बोधचिन्हाखालचे वाक्य, एवढाच प्रयोग रूढ असेल, तर जुन्या अर्थाचा आग्रह का धरावा? आक्षेपाचे पहिले अर्ध आम्हांस मान्य आहे. मोटोचा अर्थ आम्ही पुटपुटण्यावरून ठरविला नाही. बिरुदाचा राजस्तुती हा अर्थही आजच्या ब्रीदावर लादला नाही. पण ‘ब्रीदाला जागणे’ हा प्रयोग आजचाच आहे. समासात एक अर्थ आणि वाक्प्रचारात दुसरा, अशी फाटाफूट झाली असेल तर त्यांतील अधिक जिवंत अर्थ कोणता हे पाहणे समीक्षकाचे कर्तव्य ठरते.

ही फाटाफूट का झाली याचे एक कारण आम्हांस भाषेत दिसते. जोव्हिओची पाचवी अट आठवावी. वचन धारण करणाराच्या भाषेत नसावे, असे त्याने सांगितले, आणि युरोपातील संस्थांनी लॅटिनचा आश्रय केला. आपल्याकडील संस्थांनी त्याचा ग्रंथ न वाचताच ही अट तंतोतंत पाळली. बहुतेक वचने संस्कृतात आहेत. २६ जानेवारी १९५० रोजी राजचिन्हासह स्वीकारलेले मुंडकोपनिषदातील सत्याविषयीचे वचन इतक्यांच्या ओळखीचे झाले की त्याला भाषेचा पडदा उरला नाही. सर्वच वचनांचे भाग्य असे नाही. संस्कृताचे गांभीर्य, त्याची अल्पाक्षरता आणि सर्व भारतीय भाषांना समान जवळीक ही त्याच्या बाजूची कारणे सबळ आहेत, आणि ती आम्ही नाकारीत नाही. परंतु ब्रीदाचा अर्थ ज्याला कळत नाही तो ते वसूल कसे करणार? देवाची ब्रीदे मराठीत उच्चारली गेली म्हणून चोखोबाला देवाच्या दाराशी उभे राहून जाब विचारता आला. ती केवळ गर्भगृहातील मंत्रांत राहिली असती तर ती बिरुदावलीच राहिली असती.

तेव्हा कोशकारांना आमची सूचना इतकीच की, ‘मोटो’पुढे चारही शब्द स्वल्पविराम देऊन ओळीने मांडू नयेत, कोणत्या अर्थी कोणता, हे सांगावे. आणि संस्थांच्या चालकांनी आपल्या दारावरील वाक्याला ब्रीदवाक्य म्हणण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा. हे वाक्य हातात घेऊन उद्या कोणी दाराशी आला, तर त्याला आपण आत घेणार आहो काय? उत्तर नकारार्थी असेल तर त्या वाक्याला बोधवाक्य म्हणावे, घोषवाक्य म्हणावे. त्यात कमीपणा काही नाही. ब्रीद मात्र त्याला म्हणू नये.